बाजव्यापर्यंतची टेस्ट ड्राइव्ह

नाना एसयूव्हीत चढून बसले आणि शोरूममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी म्हटलं, "छान. आता उतरा."

नाना समोरच्या काचेतून लांब कुठेतरी बघत राहिले.

मी फिजिओथेरपिस्ट. बडोद्यात घरोघर जाऊन पेशंटांकडून व्यायाम करून घेते. गाड्यांमधलं मला माझ्या स्कूटरपलीकडे काही कळत नाही. तरी त्या दिवशी गोत्री रोडवरच्या शोरूममध्ये मी हजर होते, कारण सकाळी नानांच्या मुलाचा, हेमंतभाईंचा, फोन आला होता. "मॅडम, नानांसाठी मोठी एसयूव्ही घेतोय. आज बुकिंग करायचंय. तुम्ही एकदा नजर टाका." शोरूम त्यांच्या सोसायटीसमोरच, म्हणून नानांनाही आग्रह करून चालत आणलं होतं.

नाना शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. बाथरूममध्ये पडून उजवा खुबा मोडला आणि सांधा बदलावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर सुटून हातात काठी आली. घरात चालायचे, मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून टोमणे मारायचे, म्हणजे तब्येत रुळावर होती. फक्त बाहेर पडायचं नाव काढलं की "मला कुठे जायचं नाही" म्हणून पेपरात तोंड खुपसायचे.

एरवी मी चार दिवस जाऊ दिले असते. पण शहराबाहेर बाजव्याला त्यांची थोरली बहीण होती. अक्का. त्यांनी अंथरूण धरलेलं, ऐकू जवळजवळ येत नाही, दिसतं तेही अंधुक. नाना दर रविवारी जायचे आणि त्यांचा हात हातात घेऊन बसायचे. ऑपरेशननंतर ते बंद पडलं. घरचे अक्कांना ओरडून सांगायचे, नाना बरे आहेत, येतील. आता म्हाताऱ्या माणसांपासून मरणाची बातमी लपवायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि अक्कांनी ती स्वतः जन्मभर पाळलेली. त्यांनी सरळ अर्थ लावला. नाना गेला, आणि ही मंडळी मला सांगत नाहीत. फोन कानाला लावला तर आवाज ओळखू येईना. व्हिडिओ दाखवला तर "जुना असेल" म्हणाल्या. जेवण निम्म्यावर आलं, मग नुसत्या चहावर.

रिक्षाला मीच मनाई केली होती, धक्के फार बसतात. "ॲम्ब्युलन्समधून नेऊ का?" असं हेमंतभाईंनी विचारलं तेव्हा त्यांची बायको सोनल फिस्कटलीच. सोनल गुजराती घरातली, मराठी सुरेख बोलते, पण राग आला की तिची भाषा बदलते. "हां, एटले फईबाची पक्की खात्रीच होईल!" फईबा म्हणजे आत्या, अक्का.

हेमंतभाईंची आधीची गाडी बुटकी सेदान. तिच्यात बसलं की गुडघे कमरेच्या वर येतात. खुबा बदललेल्या माणसाला हे सुरुवातीचे काही महिने चालत नाही, नवा सांधा निसटू शकतो. उशी घालून पाहिली, तर नाना उंच, डोकं छताला लागायला लागलं. सर्जननी डिस्चार्जच्या वेळी बजावलं होतं, कमी उंचीच्या सीटवर बसवू नका. हेमंतभाईंनी त्यावरून ठरवलं की कमी उंची वाईट, म्हणजे जितकी जास्त उंची तितकं चांगलं. त्यांची मकरपुऱ्यात छोटी फॅक्टरी आहे. तिथे दारात मोठी गाडी उभी असली की काय होतं हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर, एसयूव्ही. सेल्समन चिराग आनंदात होता. पायरी होती, धरायला हँडल होतं. नानांनी डावा पाय पायरीवर ठेवला, हँडल ओढलं आणि चढले. "आमां तो दादा राजा जेवा लागे छे!" चिराग म्हणाला. ह्यात दादा राजासारखे दिसतात म्हणे. टाळ्या तेव्हाच्या.

उतरणं ही वेगळी गोष्ट असते. आम्ही पेशंटला जिना शिकवतो तेव्हा पहिला धडा हाच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कारण उतरताना सगळा भार मागे राहिलेल्या पायावर येतो. नाना बसले होते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, म्हणजे डाव्या दाराशी. तिथून उतरायचं तर चांगला डावा पाय आधी बाहेर जाणार आणि नवा खुबा आत वाकलेला, त्याच्यावर सगळं शरीर. मागच्या उजव्या दारातून पाय बरोबर पडला असता, पण उंची तीच आणि उतरायचं वाहत्या रस्त्यात.

"मॅडम, स्टूल मूकी दऊं?" चिरागने विचारलं.

"आणि बाजव्याला स्टूल कोण ठेवणार? तुम्ही?"

हेमंतभाई आणि सोनल फायनान्सच्या केबिनमध्ये गेले होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. एसी चालू होता. थोड्या वेळाने नाना काचेकडे बघतच बोलायला लागले.

"चेकअपला आपल्या सोसायटीतल्या शहांच्या गाडीतून गेलो होतो. अशीच होती. येताना उतरता येईना. हेमंत कामावर. वॉचमन आणि तो इस्त्रीवाला, दोघांनी काखेत हात घालून पोत्यासारखं खाली घेतलं मला. समोर सगळी सोसायटी. त्यातल्या अर्ध्यांना मी गणित शिकवलंय."

"मग घरी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? मुलगा माझ्यासाठी एवढी मोठी गाडी घेतोय. आणि अक्काच्या दारात दोघांनी उचलून आणलेला भाऊ बघून ती काय समजेल, सांगा."

इतके दिवस मी ह्या माणसाला आळशी समजून मांड्यांचे व्यायाम वाढवत होते.

हेमंतभाईंना हाक मारली. नानांना खाली घ्यायला मी, ते आणि शेवटी चिरागचं स्टूलही लागलं. नाना कोणाकडेही बघत नव्हते. हेमंतभाई मात्र त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या हातातला चेक तसाच राहिला.

"मग कुठली घ्यायची, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यातल्या एका गाडीकडे बोट दाखवलं. ना धड बुटकी, ना धड उंच. रंगही मळखाऊ.

"ती? अहो, बाहेरगावची पार्टी आली की तिला ह्याच्यात फिरवू?"

"पार्टीचा खुबा बदललाय का?"

"अहो पण..."

"नानांच्या खुब्याला सात सीट लागत नाहीत, हेमंतभाई."

सोनल हसली. नवरा हसला नाही, पण त्या गाडीपर्यंत चालत आला.

चिराग लगबगीने सीटवरचं प्लॅस्टिक काढायला लागला. "राहू दे ते," मी म्हटलं. प्लॅस्टिकवर माणूस घसरत वळतो, कंबर पिळावी लागत नाही. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. नानांना मी गाडीकडे पाठ करून उभं केलं. सीटची कड त्यांच्या गुडघ्यांच्या चांगली वर आली, पण बसायला उडी मारावी लागेल इतकी नाही. "मागे सरका. सीट पायांना लागली? आता उजवा पाय जरा पुढे टाका, हात टेकवा आणि बसा. आता दोन्ही पाय एकत्र आत."

नाना बसले. मग कोणी न सांगता दोन्ही पाय एकत्र बाहेर काढले, हात रेटले आणि उभे राहिले. चिराग हात पुढे करून धावला, त्याला मी कोपराने थोपवलं. नाना पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग तिसऱ्यांदा बसले आणि दार ओढून घेतलं.

"इथून बाजवा किती लांब?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं तिकडे जाणारा माणूस.

चिराग म्हणाला, टेस्ट ड्राइव्ह समोरच्या सर्कलपर्यंतच मिळते. तेवढ्यात सोनलची भाषा बदलली. "भाई, गाडी वेचवी छे के नथी वेचवी?" गाडी विकायचीय की नाही, असं. चिराग मॅनेजरकडे गेला आणि परत येऊन निमूट मागे बसला. हेमंतभाईंनी गाडी चालवली, सोनल आणि मी चिरागच्या दोन बाजूंना. गोरवा मागे पडलं, रिफायनरीचा वास यायला लागला.

अक्कांच्या दारात नाना उतरले. पाठीला कोणाचा हात नव्हता. काठी टेकत आत गेले आणि अक्कांच्या खाटेशेजारच्या उंच खुर्चीत बसले. अक्कांनी डोळे बारीक केले, तरी काही दिसलं नसावं. मग त्यांनी नानांचा हात घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट चाचपत गेल्या. लहानपणापासून वाकड्या असलेल्या करंगळीपाशी थांबल्या.

"इतक्या दिवसांनी आलास," अक्का मोठ्याने म्हणाल्या, "आणि तेही रिकाम्या हाताने?"

मग स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून सुनेला म्हणाल्या, "ह्याला जेवायला वाढ. मलाही."

चिरागने डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं. हेमंतभाई अंगणात गेले आणि बराच वेळ गाडी पुसत राहिले. गाडी स्वच्छच होती.

बुकिंग त्याच गाडीचं झालं. मकरपुऱ्यात हेमंतभाई ती शेडच्या मागे लावतात असं सोनल सांगते. मला आता पेशंटांचे नातेवाईक विचारतात, मॅडम, गाडी कुठली घ्यावी? मी म्हणते, मला गाड्यांमधलं कळत नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये घेऊन जा, गाडीत बसवा आणि मग उतरायला सांगा. कोणाला हात धरायला पुढे यावं लागलं, तर रंग वगैरे बघत बसू नका. दुसरी गाडी बघा.