खंडेनवमीचा पत्रा
लढाईच्या दिवसांत चौक गावच्या रस्त्याला सरकारी कामाची एक शेड होती. तिथं पोलादी पत्र्यावर उंचावरून वजन पाडायचं आणि पत्रा किती वाकला ते मोजायचं. हात लावून नव्हे हं, उजेडानं! पत्रा आरशासारखा घासायचा, समोर काळ्या रेघांचा फळा ठेवायचा. रेघा पत्र्यात दिसायच्या, आणि वजन पडलं की वाकायच्या. आधीचा नि नंतरचा असे दोन फोटो काढायचे. कुठली रेघ किती सरकली ते मी भिंगाखाली मोजायचो. मॅट्रिक होतो, म्हणून बसल्या जागेचं काम मला. घासायचं काम डोंगरातल्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतल्या एका ठाकूर म्हाताऱ्याचं. घरी खाणारी तोंडं सहा आणि मिळवता हा एकटा.

खंडेनवमीला आमच्याकडं कोयतासुद्धा पूजेला बसतो, मग पत्र्यानंच काय घोडं मारलंय? सकाळी म्हाताऱ्यानं घासून ठेवलेल्या त्या दिवसाच्या पत्र्याला मी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावलं, म्हाताऱ्याच्या हातावर खोबरं ठेवलं. कामाच्या वेळी मीच फडक्यानं पत्रा पुसून काढला. माझ्या मते लख्ख!

फोटो धुऊन आले. दोन्हींत मधल्या रेघा विरघळल्यागत. तेल राहिलं होतं, मी बघताक्षणी ओळखलं. तसला जाड पत्रा एकच आला होता, आणि तो आता पोचा पडून बसलेला. शेडवरचा साहेब असा भडकला की विचारू नका. नीट घासला नाही म्हणून म्हाताऱ्याला उभ्या उभ्या काढून टाकलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुला काही ठाऊक आहे?"

"नाही," म्हणालो. लाज वाटायला हवी होती, मेली तीही वाटली नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बसून राहिलो.

दुपारच्या सुट्टीत, मजुरीच्या हिशेबासाठी थांबलेल्या म्हाताऱ्याला फाटकाशी गाठलं. "बाबा, मी बोट लावलं तेव्हा तू शेजारीच होतास. मग बोलला का नाहीस रं?"

"देवाच्या कुंकवावर आळ कसा घालू, दादा?" तो म्हणाला. "माझाच हात कमी पडला असंल."

मी नुसतं "बरं" म्हणालो. तो डोंगराच्या वाटेला लागला. मी आत गेलो, डबा सोडला आणि जेवलो. सगळं जेवलो.