पेटीवर दोन लिहिलं नव्हतं

दिराचं डोकं तिसऱ्यांदा खांबावर आपटलं तेव्हा आवाज बदलला. आधीचे दोन आवाज कोरडे होते, लाकडावर लाकूड आपटावं तसे. तिसरा ओला होता. ज्याने त्याचे केस मुठीत धरले होते तो ट्रॅक्टरवाला थांबला नाही. तो एकच विचारत होता, "बोल, दुसरा हाय का पहिला? बोल की." दिराला बोलता येण्यासारखं नव्हतं. पुढचे दोन दात तुटून त्याच्या सदऱ्यावर चिकटले होते आणि डोळे उघडे असून तो कुणाकडे बघत नव्हता.

हे आमच्या सिनेमाच्या तंबूत चाललं होतं. पडद्यावर सिनेमा चालूच होता, भोंग्यातून माणसं हिंदीत बोलत होती. बाहेरून कुणीतरी तंबूचे दोर कोयत्याने तोडायला सुरुवात केली होती. एक दोर तुटला की वरचं कापड ढिलं पडे आणि आतली माणसं ओरडत. मी तंबूच्या पडद्याकडच्या तोंडाशी भज्यांच्या कढईपाशी उभी होते. नवरा मागे मशीनवर होता. आणि ही सगळी मारामारी डायनासोरच्या ज्या सिनेमावरून होती, तो तेव्हा कुठेच लागलेला नव्हता.

आमचा तंबू सासऱ्याने केलेला. नगर जिल्ह्यातल्या जत्रांमधून आम्ही तो फिरवायचो. चैत्रात श्रीगोंद्याकडची गावं, मग पारनेर, मग संगमनेरच्या बाजूला. नवरा मशीन चालवायचा, मी भजी आणि चहा करायचे. धाकटा दीर टेम्पोवर भोंगा बांधून गावोगाव ओरडत जायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं आणि सिनेमाशिवाय त्याला दुसरं काही सुचत नसे.

दोन वर्षं आधी याच गावच्या जत्रेत आम्ही डायनासोरचा पहिला सिनेमा लावला होता. तसं वेड मी आधी कधी पाहिलं नव्हतं. जनावर पडद्यावर आलं की पुढे बसलेली माणसं पाय उचलून मागच्यांच्या मांडीवर जात. एक म्हातारा धोतर सावरत तंबूतून पळाला तो थेट देवळात जाऊन बसला. तीन दिवसांचा खेळ सात दिवस चालवला. मी स्वतः एकदाच बघितला. मला विशेष काही वाटलं नाही. मोठी पाल आहे आणि ती माणसं खाते, एवढंच. पण ट्रॅक्टरवाल्याने तो सातही दिवस बघितला. कारखान्याला ऊस वाहणारा हा माणूस. मान जाड, आवाज मोठा, आणि मनाने म्हणाल तर पोरासारखा. त्याच्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर त्याने डायनासोर रंगवून घेतला होता. रंगाऱ्याने त्याला शेळीसारखे कान काढले होते, तरी याला तो आवडायचा.

दुसरा भाग येणार अशी बातमी कुठून आली मला माहीत नाही. पेपरात काहीतरी आलं होतं म्हणे. त्या साली आम्ही जत्रेच्या आठ दिवस आधी गावात तळ दिला तेव्हा माझ्या चहाच्या बाकड्यावर दुसरं बोलणंच नव्हतं.

"या वेळला जनावर बेटावर न्हाई ऱ्हात, शहरात शिरतंय," ट्रॅक्टरवाला सांगायचा.

"तुला कुणी सांगितलं? तुझ्या ट्रॅक्टरनं?" हे बोलणारा दूध गोळा करणारा होता. सायकलला चार किटल्या लावून यायचा, कुणाचं खरं मानायचा नाही. "दुसरा भाग म्हंजी दुसऱ्यांदा उकळलेला चहा. पहिल्यात जनावर किती येळ दिसलं? मी मोजलंय. निम्मा पिच्चर तर माणसंच बडबडत्यात."

"म्हनूनच आता जास्त दाखवनार. लोकांनी तक्रार केली असंल की."

"अमेरिकेला तू पत्र धाडलंतं व्हय?"

बाकडं हसायचं. ट्रॅक्टरवाला लाल व्हायचा. माझा दीर त्याच्या बाजूने उतरायचा. दोघं मिळून सांगायचे की या वेळी उडणारे असतील, पाण्यातले असतील, पिलांसाठी चवताळलेली मादी असेल. दूधवाला म्हणायचा, "उसात बिबट्या शिरला तर तू तीन दिवस पाणी धरायला गेला न्हाईस, आन मादी बघायला निघालाय." एकदा यावरून दोघांची गचांडी धरण्यापर्यंत गेलं. मी उकळतं भांडं हातात घेऊन मध्ये उभी राहिले तेव्हा सुटले.

शेवटी ट्रॅक्टरवाल्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "या जत्रंत दुसरा भाग लागला न्हाई तर मिशी काढीन. आख्ख्या वस्तीला माझ्या ट्रॉल्यांतून आनतो."

त्याला हे बोलायला बळ दिलं ते माझ्या दिराने. दीर नगरला सिनेमा ठरवायला गेला होता. तिथल्या कारकुनाने सांगितलं, डायनासोरचा आहे, कोरी प्रिंट आली आहे, पाठवतो. कोरी म्हणजे नवी. नवी म्हणजे दुसरा भाग. एवढ्यावर दिराने टेम्पो काढला आणि बारा गावांत ओरडून आला की दुसरा भाग, मुंबईच्या आधी तुमच्या जत्रेत.

जत्रेच्या सकाळी एसटीच्या टपावरून पेटी उतरली. पत्र्याची, कुलूप नसलेली, सुतळीने बांधलेली. ती त्याच वेळी उघडून बघितली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण आमच्यात एक रीत होती. जत्रेच्या पहिल्या खेळाआधी मशीनपुढे नारळ फोडायचा आणि मगच पेटी उघडायची. सासऱ्याने एका वर्षी घाईने आधीच उघडली होती आणि त्याच खेळात रीळ पेटून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ती रीत. सासरा मेला तरी नवऱ्याने ती सोडली नाही.

मी पेटीवरचा कागद बघितला. नाव इंग्रजीत होतं. मी चौथी शिकलेली, तेही मराठी शाळेत. पण इंग्रजी आकडे मला येतात, एसटीच्या पाटीवर आणि वजनांवर असतात ते.

मी दिराला म्हटलं, "यात दोन कुठं हाय?"

त्याने कागद वाचला. तो नववीपर्यंत गेला होता. उलटा करून मागूनही बघितला. मग म्हणाला, "वहिनी, मुद्दाम लिहिलं नसंल. दोन लिहिलं तर वाटेत पेटी चोरीला जायची."

"उघडून बघ की. सुतळी तर हाय."

"दादा जीव घेईल."

नवऱ्याला म्हटलं. तो मशीनला तेल घालत होता. म्हणाला, "नारळ फुटल्याबिगर पेटीला हात लावायचा न्हाई. बापानं हात जाळून घेतलाय त्यापायी."

"आन आत पहिलाच निघाला तर?"

"तर पहिला दाखवू. चांगला हाय की तो."

दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. दहा किलो कांदा चिरायचा होता. मी शहाणी होते असं मला म्हणायचं नाही. मला त्या सिनेमाशी घेणं नव्हतं म्हणून दिसलं, आणि घेणं नव्हतं म्हणूनच मी नेट लावला नाही.

दिवेलागणीला पहिला खेळ. ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या भरून वस्ती घेऊन आला. त्याची आई, बायको, चुलते, सगळे. बायका मध्ये ताणलेल्या दोराच्या पलीकडे, पुरुष अलीकडे, पाय ठेवायला जागा राहिली नाही. दूधवाला कडेच्या खांबाला टेकून बसला. नवऱ्याने नारळ फोडला, पेटी उघडली, रीळ चढवलं. आता त्याने तरी नाव वाचलं असतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. तो रीळ हाताच्या सवयीने लावायचा.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच तंबू गप्प झाला. माझ्या लक्षात काही आलं नाही. पण ज्यांनी तो सात-सात वेळा बघितला होता त्यांना पहिल्या झाडावरून कळलं. दूधवाला मोठ्याने म्हणाला, "या झाडाला तर मी वळखतो. मागल्या येळंला हितंच हुतं."

लोक हसले. ट्रॅक्टरवाला उठून दिराकडे आला. दीर भोंग्याचा माइक घेऊन पडद्याच्या खांबाला टेकला होता.

"काय रं, दुसरा हाय ना?"

दिराने तेव्हा चूक झाली म्हटलं असतं तर शिव्यांवर भागलं असतं. पण त्याचाच विश्वास सुटत नव्हता. तो माइकवरून म्हणाला, "शांत ऱ्हावा. सुरवातीला मागची आठवन देत्यात. आता नवीन चालू हुईल."

लोक बसले. पुन्हा आशेने बसले, हे वाईट झालं. पूर्ण एक रीळ गेलं. प्रत्येक ठिकाणी दूधवाला पुढचं आधीच सांगायचा. आता गाडी येणार. आता हा चष्मा काढणार. आणि ते तसंच व्हायचं. ट्रॅक्टरवाल्याची आई बायकांच्या बाजूने म्हणाली, "काय रं, ह्यो तर जुनाच. त्यापरीस घरी भाकऱ्या थापल्या असत्या." मग दूधवाला म्हणाला, "वस्तारा आना रं कुनीतरी," आणि अख्खा तंबू हसला. ट्रॅक्टरवाल्याची बायकोही पदर तोंडाला लावून हसली. ते त्याने बघितलं.

लोक नंतर म्हणत राहिले की फसवणुकीवरून दंगल झाली. तसं नव्हतं. ज्यांना आधीपासून शंका होती त्यांनी कुणाला बोट लावलं नाही, ते हसत होते. मारलं ते भरवसा ठेवणाऱ्यांनी. ट्रॅक्टरवाल्याने दिराला केसांना धरलं, पहिल्यांदा आपटलं, आणि त्याच्या वस्तीची दहा-बारा माणसं मागून उठली. कुणी भोंगा उपटला, कुणी पडद्यावर दगड मारले. मध्ये सोडवायला गेलेल्या गावच्या पोलीसपाटलाला त्यांनी तंबूच्या मेखेने तोंडावर हाणलं, त्याचं नाक बसलं. हसणारे पळायला लागले. पळणाऱ्यांच्या पायाखाली बायकांची बाजू आली. बाहेर कोयता चालत होता. ऊसतोड नुकतीच संपलेली, कोयता ज्याच्या त्याच्या कमरेला. दोर कुणी तोडले ते आजवर कळलं नाही.

तिसऱ्या आपटण्यानंतर मला कळलं की दीर आता मरतो. मी ओरडले नाही. ओरडण्याचा उपयोग होण्यासारखा आवाज तिथे कुणाचाच नव्हता. पदराने कढईचे दोन्ही कान धरले, गर्दीतून वाट काढली. उकळती कढई दिसली की माणूस बाजूला होतो. ट्रॅक्टरवाल्याच्या मागे जाऊन मी तेल त्याच्या पोटऱ्यांवर ओतलं. चेहऱ्यावर टाकता आलं असतं. दिराचं तोंड त्याच्या तोंडाजवळ होतं म्हणून टाकलं नाही, दुसरं कारण नव्हतं. थोडं दिराच्याही पावलावर गेलं. कातडीचा वास आला. ट्रॅक्टरवाल्याने केस सोडले आणि तो गुरासारखा हंबरत खाली बसला.

तेवढ्यात नवरा आला. मशीन चालू असताना तो कधी जागा सोडत नसे. त्या दिवशी सोडली. मला म्हणाला, "पाय धर." मी दिराचे पाय धरले, तो खांद्याखाली हात घालायला वाकला. त्याच वेळी शेवटचे दोर सुटले आणि मधला खांब कलून खाली आला. सागाचा, तीन माणसं उचलत तेवढा. तो नवऱ्याच्या पाठीवर पडला. दीर त्याच्या खाली होता. नंतर सगळा तालुका म्हणाला, भावाने भावासाठी जीव दिला. तो भावाला उचलायला वाकला होता. खांब येताना त्याला दिसला नसावा. दिसला असता तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

वरून कापड पडलं. अंधार झाला, माणसं कापडावरून धावली, माझ्या बरगड्यांवरून दोघं-तिघं गेले. कंबरेला कांद्याची सुरी होती. त्या सुरीने कापड फाडलं आणि आधी तोंड बाहेर काढलं. आत ट्रॅक्टरवाला माझ्याशेजारीच होता. तो म्हणत होता, "मावशी, मला काढा, मावशी, मला पाय न्हाईत." मी त्याला म्हटलं, "गप पड." मग फाडलेल्या भोकातून त्याचा हात धरून ओढला, कारण तो वाटेत होता आणि त्याला काढल्याशिवाय मागच्या दोघांपर्यंत जाता येत नव्हतं. दूधवाला परत आला होता. खांब त्याने आणि आणखी तिघांनी उचलला. तो रडत होता. मी त्याला म्हटलं, "रडायचं तर लांब जाऊन रड. हितं हात लाव."

त्याच ट्रॉल्यांतून सगळ्यांना तालुक्याला नेलं, ट्रॅक्टर त्याच्या चुलत्याने चालवला. एका ट्रॉलीत खाली कडब्यावर नवरा, दीर आणि ट्रॅक्टरवाला ओळीने होते. नवऱ्याला कमरेखाली काही कळत नव्हतं. त्याने एकदा विचारलं, "मशीन बंद केली का?" मी केली म्हणून सांगितलं. मला माहीत नव्हतं.

बायकांच्या बाजूला ट्रॅक्टरवाल्याची आई पायाखाली सापडली होती. तिला दुसऱ्या ट्रॉलीत घातली, पण वेस ओलांडली आणि तिने जीव सोडला. माझा नवरा चौथ्या दिवशी गेला. दीर जगला, उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. ट्रॅक्टरवाला जगला, काठी घेऊन चालतो. मी जगले.