मानगुटीवरून ओळख

कात्रीशेठला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, मानगुटी राहतात. राहणारच ना! अख्खा जन्म सलूनमध्ये गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहण्यात गेला.

दुपारी दुकान रिकामं झालं की हा गडी लाकडाचा ठोकळा आणि बोटाएवढी पटाशी घेऊन बसायचा. आधी कुणाची तरी मानगूट कोरायची आणि पुढच्या बाजूला उरलेल्या लाकडात बसेल ते जनावर काढायचं, ही त्याची रीत. चष्मा लावलेलं बदक पाठीमागून बघाल तर हुबेहूब टपालवाल्या बाईंचा अंबाडा. टाय बांधलेल्या बेडकाला हेडमास्तरांचं टक्कल. हेडमास्तर रोज त्या बेडकाला बघून पोट धरून हसायचे, बिचारे! स्वतःची मानगूट कुणी पाहिलीय?

थोरला भाऊ गेला आणि याच्या हातून त्याच्या मानगुटीशिवाय दुसरं काही होईना. दोन भोवरे, मध्ये कधीच न बसणारा तुरा, सगळं जसंच्या तसं उतरलं. पण पुढून निघाला पाणघोडा! आता काय म्हणावं या माणसाला? टाकवतही नव्हता, दाखवतही नव्हता. आईच्या माघारी वहिनींनीच त्याला वाढवलं होतं. नवऱ्याचा पाणघोडा केलेला बघून त्या दुखावल्या, बोलेनाशा झाल्या, तर मग आपलं म्हणायला उरलं कोण?

आणि एके दिवशी वहिनी न सांगता दुकानात आल्या. कात्रीशेठ टॉवेल टाकून झाकणार, तोवर त्यांनी तो पाणघोडा उचललासुद्धा.

"वहिनी, चुकलं माझं. ठेवा तो खाली."

त्यांनी तो उलटा केला आणि तुऱ्यावरून बोट फिरवलं. दोनदा दाबून बसवूनही पाहिला.

"नाहीच बसायचा हो हा," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, घरात फोटो ढीगभर आहेत. सगळे समोरून. मी अख्खा संसार स्कूटरवर मागे बसून केला. मला हेच दिसायचं."

कात्रीशेठला हुंदका आवरेना. "तोंड तरी बदलून देतो," तो म्हणाला.

"काही नको. घोरायचे तसेच."

संध्याकाळी तो घरी गेला, तर पाणघोडा टीव्हीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि वहिनी खुर्ची ओढून त्याच्या पाठीला दूधवाल्याची तक्रार सांगत होत्या.