उतरवायची राहिलेली गुढी

२०१८च्या पाडव्याला आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आमच्या घरामागे मी गुढी उभारली. आदल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंची हिरवी साडी तिला नेसवली. दुपारी बर्फाचं वादळ आलं. पार स्लायगोपर्यंत वीज गेली, रस्ते बंद झाले, आमचं मागचं दारही उघडेना. सूर्यास्ताआधी गुढी उतरवायला हवी होती. नवरा म्हणाला, "राहू दे गं." त्याचं नेहमीचंच!

सकाळी बर्फ उपसून गुढी आत आणली. भिजून गोठलेली साडी लाकडासारखी ताठ झाली होती, घडीच होईना. वैतागून मी ती सोडवून बाथटबमध्ये ठेवली, तर आधाराशिवाय उभी राहिली. थोड्या वेळाने ती एका बाजूला कलली आणि हळूहळू खाली बसली.

मागून नवरा म्हणाला, "आई अशीच बसायची."