संगणक चौरंगावरून उतरला

जामसंड्याला आमच्या घराच्या पडवीत बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. वारसनोंद, शिधापत्रिका, होडीचा परवाना, कुंपणाची तक्रार. माणसाला सरकारपर्यंत जे जे पोहोचवावे लागते, ते बहुधा माझ्या हातून जाते. माझे शिक्षण नववीत थांबले, हे मी लपवत नाही. परंतु ‘सविनय सादर’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतची वाट मला अंधारातही चालता येते, आणि कचेरीतले साहेब अर्ज हाती घेताच तो कोणी लिहिला ते ओळखतात.

हाताने लिहिणे मागे पडून संगणक आला, त्या वर्षी दसऱ्याला पत्नीने त्याची पूजा केली. टेबलावर चौरंग, चौरंगावर स्क्रीन, त्याला झेंडूची माळ. कोयता आणि विळी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. स्क्रीन मात्र आम्ही चौरंगावरच राहू दिला. ज्याच्यावर घरची चूल पेटते त्याच्याकडे मान वर करून पाहावे, असे आम्हा दोघांचे मत पडले. त्याच भावनेने त्याचा उजेडही मी शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला. देवापुढची वात कोणी बारीक करत नाही. अक्षरे तेवढी लहान ठेवली, कारण अख्खा अर्ज एका नजरेत मावला की मला समाधान वाटे.

पुढे रोज दुपार कलली की कपाळ ठणकू लागले. डोळे चुरचुरत, मान अवघडे. पत्नी सुंठ उगाळून लावी. लेप वाळेपर्यंत बरे वाटे. मी आत पडलेला असलो की पडवीत तिचेच राज्य असे.

“लिवनत नाय ते आता,” असे ती एकदा अर्जासाठी आलेल्या कोळणीला सांगत होती.

“मगे आमी खंय जावचा?”

“माका काय इचारतंस गो? त्येंका त्येंचे डोळे नको झालेत, पण माका होये आसत.”

रात्री जेवताना तिने मलाही निकाल ऐकवला. “ही पडवी बंद करा आणि झिलाकडे मुंबैक जावया. नातवाक खेळवा.”

“आणि ह्या लोकांचे अर्ज?”

“तुमच्या आधी काय लोक अर्ज करी नव्हते?”

पडवी बंद झाल्यावर मी कोण उरतो, हा विचार कपाळाच्या ठणक्याहून अधिक छळत होता. एक महिना थांब, तोपर्यंत डॉक्टरांना दाखवू, एवढीच सवलत मी मागून घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासले. दृष्टी ठीक होती, चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. मग त्यांनी स्क्रीन कुठे असतो ते विचारले.

“चौरंगार,” पत्नीने अभिमानाने सांगितले.

“काकी, तो आधी खाली उतरवा. त्याची वरची कड यांच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. आणि उजेड खोलीला साजेल इतकाच ठेवा.”

रिक्षा घराजवळ आल्यावर ती म्हणाली, “एकदा बसयलेल्याक उठवचा, म्हणजे इचारूक होया.”

सकाळी आंघोळ करून तिने स्क्रीनपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले. देवळात सगळ्यांच्या वतीने असे गाऱ्हाणे घालतात ते गावकार, गावचे मानकरी. तिच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकत होतो.

“बा देवा म्हाराजा, ह्या घराचा पोट तुझ्यार चालता. आज तुका खाली बसयतंव, ता तुझो मान कमी करूक नाय, त्येंच्या डोळ्यांसाठी. जा काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि त्येंच्या डोक्याचो ताप दूर कर.”

ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

“व्हय म्हाराजा,” देवळात जमलेली मंडळी म्हणतात तसे मी म्हणालो.

माझे आयुष्य अर्ज लिहिण्यात गेले. विषय आणि कारण सांगून मगच विनंती, हा क्रम तिने अचूक राखला होता. त्यात एक शब्द घालावा किंवा गाळावा असे मला आढळले नाही.

मग चौरंग निघाला. टेबल फिरवून खिडकी डाव्या बाजूला घेतली, म्हणजे उन्हाची तिरीप काचेवर पडेना. स्क्रीन हातभर लांब सरकवला, अक्षरे मोठी केली. पत्नीने शेजारी एक कोरा कागद धरला आणि दोहोंचा पांढरेपणा सारखा दिसेपर्यंत मी उजेड उतरवत गेलो. संध्याकाळसाठी पिवळसर छटेची सोय असते, तीही लावून पाहिली.

“कावीळ झाल्यासारखो दिसता,” ती म्हणाली. “पण डोळ्यांक थंड वाटता.”

पहिले काही दिवस ठणका येतच राहिला, मात्र कमी जोराने. मग एका दुपारी मी अर्ज पुरा करून उठलो, तेव्हा तो आलाच नसल्याचे ध्यानात आले. मुंबईचा विषय त्यानंतर जेवताना निघाला नाही.

त्याच आठवड्यात कुणकेश्वरचे एक वयस्क होडीवाले आले. मी खिडकीशी उभा होतो.

“लिवतत मा?” त्यांनी पडवीतून विचारले.

“लिवतत. बसा,” पत्नी म्हणाली. “पण मधीमधी उठान लांब बघत रवतत, डॉक्टरान सांगलेला आसा. तेवा त्येंच्याशी बोला नको.”

मी दूरच्या पवनचक्कीच्या पात्यांकडे पाहत होतो. डोळे केव्हाच निवले होते, तरी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.