राजेळीचं नाव बदललं तेव्हा

भुईगावात बर्नार्डला सगळे ‘कम्प्युटर सर’ म्हणत आणि ही पदवी त्याने जिवापाड जपली होती. घराच्या ओटीवर त्याचा क्लास. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं ते २००२ साली, आणि बायकोला, आल्बिनाला, ते शिकवलंही त्यानेच. इथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वाडीतून केळी उतरवून आलेली ही बाई हात पुसून खुर्चीवर बसायची आणि मशीन निमूट तिचं ऐकायचं. मुलं दारातूनच विचारू लागली, “टीचर आहेत काय?” आणि सर समोर बसलेले! बर्नार्डच्या पोटात दुखायचं. बायकोवर काय जळायचं, असं तो स्वतःला बजावायचा आणि आणखी जळायचा.

लिनक्समध्ये मशीनला नाव द्यावं लागतं. आल्बिनाने वाडीतल्या केळीवरून ‘राजेळी’ ठेवलं होतं. हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत प्रत्येक ओळीच्या आरंभी ते नाव दिसे आणि त्याला टोचे.

अशात गावच्या शाळेला कम्प्युटर शिक्षक हवा झाला. मुख्याध्यापिका सिस्टर विनी क्लास बघायला येणार होत्या. बर्नार्डला ही नोकरी हवीच होती, आणि त्याहून जास्त म्हणजे ती आल्बिनाला मिळायला नको होती. सिस्टर यायच्या थोडं आधी त्याने मशीनचं नाव बदलून ‘बर्नार्ड’ केलं. पडद्यावर त्यांना आपलं नाव दिसावं, एवढीच हौस.

नाव बदललं आणि नवी खिडकीच उघडेना. डिस्प्ले उघडता येत नाही, हे मशीनचं एकच पालुपद. त्याने मॉनिटरची वायर काढून घातली, पडद्याच्या सेटिंगमध्ये रंग, आकार, सगळं उलटसुलट केलं. फाटकाशी सिस्टरची रिक्षा थांबली तेव्हा नाइलाजाने त्याने आल्बिनाला हाक मारली.

तिने पडदा वाचला. “नाव बदललंस काय?”

बर्नार्डने मान डोलावली.

“पडद्याची परवानगी जुन्या नावावर हाय रे. अनोळखी मानसाला दारात कोन घेनार?”

जुनं नाव परत घातलं असतं तर काम एका ओळीत झालं असतं. आता ही तेच करणार आणि सिस्टरपुढे राजेळी मिरवणार, असं वाटून त्याने दात आवळले. पण आल्बिनाने मशीनच्या नावांच्या फाईलमध्ये ‘बर्नार्ड’ लिहिलं आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं. खिडकी उघडली. सिस्टर ओटीवर चढल्या तेव्हा पडद्यावर त्याचंच नाव होतं.

“सगळं सरांनीच बसवलंय,” असं सांगून ती चहा ठेवायला आत गेली.

नोकरी बर्नार्डला मिळाली. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला, तर ओटीवर मुलं तिच्याबरोबर खिदळत होती. पुन्हा तेच पोटातलं दुखणं. राहवेना, म्हणून तो फाटकातून मागे आला आणि तिला बाजूला बोलावलं.

“ही नोकरी तुला पायजे होती काय?”

“होती ना,” ती सरळ म्हणाली.

“मग बोललीस का नाय?”

“तुझा जीव जळताना रोज कोन बघनार?”

ती मुलांकडे वळली. शाळेत त्याची वाट बघत होते, पण बर्नार्डला फाटकातून पाय उचलायला बराच वेळ लागला.