विजयाला न विचारता नेसवलेली साडी

विजया गेल्याचं कळलं तेव्हा मी बार्शीला बहिणीकडे होते. विजयाच्या मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला. ‘मावशी, आई गेली. झोपेतच...’ मी एसटीनं सोलापुरात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळे तिचं शेवटचं दर्शन मला तेराव्याला झालं, तेही फोटोत. आणि त्या फोटोतली बाई विजया नव्हती हो! चेहरा तिचा. श्रीनिवासच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून घेतलेला, जरा कावराबावरा. हनुवटीखाली मात्र झगझगीत जांभळी पैठणी, पोपटी काठ, खांद्यावर मोर, आणि मान दुसऱ्याच कुणा गोऱ्या बाईची. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो सापडला नाही की स्टुडिओवाले असं तयार धड चिकटवून देतात. पुरुषाला कोट, बाईला पैठणी. मला रडू यायला हवं होतं. संताप आला.

कारण चित्रातल्या बायकांच्या कपड्यांवर निकाल देण्यात विजयाचा हात कुणी धरला नसता. आम्ही एकाच मुलींच्या शाळेत होतो, ती शिवण शिकवायची, मी इतिहास. रद्दीच्या दुकानातून मी एकदा जाडजूड पुस्तक आणलं, युरोपातल्या राण्या-सरदारणींच्या जुन्या तैलचित्रांचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की शिवणाच्या वर्गात ते मशीनवर उघडायचं आणि एकेकीचा झगा तपासायचा, हा आमचा नाद. ‘शैला, ही बघ, पडदा गुंडाळून बसलीय!’ ‘हिच्या बाह्या बघ, उशा कोंबल्यात की काय?’ मी तेव्हाची रीत समजावायला जायचे. ‘असू दे की रीत. बाईला दम घेता येतोय का ते सांग आधी.’ तिच्या घरात तेलुगू, शाळेत शुद्ध मराठी. पण रंगात आली की अस्सल सोलापुरी. अन्यायही करायची. एका बिचाऱ्या राजकन्येला तिनं निव्वळ गळपट्टीवरून नापास केलं, तेव्हा मी चिडून डबा तसाच बंद करून निघून गेले होते. पण एक प्रश्न ती प्रत्येकीला विचारायचीच. हे हिनं निवडलं, का हिला कुणी घातलं? हिऱ्यांनी लगडलेल्या एका राणीपाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘ही काय राणी न्हाय बघ. नवऱ्यानं दुकानात उभी केलेली पुतळी हाय.’

पुस्तकाच्या शेवटाकडे एक साधी बाई होती, कुणा व्यापाऱ्याची बहीण. गडद हिरवा झगा, ना जर ना मोती. तिला विजयानं पैकीच्या पैकी दिले, आणि इथलंच सुती कापड घेऊन तसाच झगा स्वतःला शिवला. वर आपल्या मनानं दोन खोल खिसे. शिक्षिकांची सहल एका संस्थानचा राजवाडा बघायला गेली, तेव्हा तिथं पोचल्यावर ही साडी बदलून आली की झग्यात! बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसली, खिशात हात घालून पायऱ्यांवर उभी राहिली, आणि मी फोटो काढला. घरी नवऱ्यानं झगा पाहिला. ‘सर्कशीत लागलीस काय?’ एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. सभ्य माणूस! पुढे सासूबाईंच्या सांगण्यावरून त्या झग्याचे उशांचे अभ्रे झाले. विजयानंच बेतले, विजयानंच शिवले. ‘जाऊ दे गं, कापड चांगलं होतं, कामाला आलं...’ त्यानंतर ते पुस्तक तिनं कधी मागितलं नाही. त्या घरातल्या कुणालाही मी माफ केलेलं नाही. नवरा, सासू दोघंही आता नाहीत, तरी नाही.

तेराव्यानंतर मी तो पायऱ्यांवरचा फोटो शोधून काढला आणि श्रीनिवासकडे गेले. म्हटलं, ‘हा लाव. ही तुझी आई.’

तो अवघडला. ‘मावशी, असल्या ड्रेसमधला कसा लावू? बाबांच्या शेजारी लावायचाय. येणारे-जाणारे काय म्हणतील?’

‘अरे, तुझ्या आईनं जन्मात जांभळा रंग अंगाला लावला नाही!’

‘मग रंग बदलून देईल की स्टुडिओवाला. कुठला पाहिजे सांगा.’

मी उठले. पण तो फोटो हातात धरून बघतच राहिला होता. हळूच म्हणाला, ‘आई अशी हसायची?’ डोळे भरले होते त्याचे. ‘राहू दे माझ्याकडे. करतो काहीतरी.’ मला वाटलं, पोरगं शेवटी तिचंच. जिना उतरताना किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू...

काल त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ‘मावशी, तुमच्या मनासारखं केलं.’ उघडून बघते तर स्टुडिओवाल्यानं पायऱ्यांवरचा चेहरा अलगद कापून घेऊन त्याच जांभळ्या पैठणीवर बसवला होता. बेमालूम. मानेचा रंगसुद्धा जुळवला होता. श्रीनिवासनं मनापासून केलंय, त्याला काय बोलू? आधीचा चेहरा कावराबावरा होता, बघणाऱ्याला निदान शंका तरी आली असती. आता विजया भिंतीवर खळखळून हसतेय, आणि दारातून येणारा प्रत्येक जण म्हणेल, बाईंना साडी फार आवडलेली दिसतेय.